शेवटच्या होडीमागे

१

होडी काठाला लागली की आर्डिस आधी चुलीची जागा बघायची, मग माणसांची तोंडं. माणसं काय, दमली तरी बडबडतात. चूल वाऱ्याच्या तोंडावर लागली तर मात्र सगळ्यांनाच उपाशी झोपावं लागतं. टलूक नदीच्या काठाला गोटे, गुडघाभर उंचीची झुडपं आणि डास, याशिवाय काही नसतं. त्या गोट्यांत आडोसा शोधायचा, डबे उतरवायचे, कॉफीचं आधण ठेवायचं, एवढं तिचं काम. बाकी सगळं वेंडलचं.

वेंडल तिच्या बहिणीचा नवरा. उन्हाळ्यात दक्षिणेकडची माणसं छोट्या विमानानं डोंगरांपलीकडच्या तळ्यावर उतरवायची, दोन रबरी होड्यांतून नदीनं खाली आणायची, मध्ये एखादा डोंगर चढवायचा आणि शेवटी खालच्या गोटाळ धावपट्टीवरून परत विमानात बसवून द्यायची, हा त्याचा धंदा. पुढच्या होडीत वेंडल आणि पाहुणे. मागच्या होडीत सामान, स्वयंपाक आणि वल्ही मारणारी बाई. इतकी वर्षं ती बाई म्हणजे डेला. आर्डिसची धाकटी बहीण.

गेल्या उन्हाळ्यात डेला पळून गेली. निदान वेंडलनं गावात येऊन तसं सांगितलं. वरच्या अंगाला कुणी एकटा डोंगर चढणारा भेटला म्हणे, तिच्या तंबूभोवती घुटमळला, आणि एका सकाळी डेला होडी तिथंच टाकून त्याच्याबरोबर खिंडीतून पलीकडं गेली. पुरानं होडी नेली असणार.

"जाताना काय घेऊन गेली?" आर्डिसनं विचारलं होतं.

"आईचं विरजण," वेंडल म्हणाला. "बाकी कशाला हात लावला नाही बघ." आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं ठेवून रडला.

त्या विरजणामुळंच आर्डिसचा विश्वास बसला. आंबवलेल्या पिठाचं ते पांढरं मडकं आईचं, त्याआधी आईच्या आईचं. थंडीत गोठून मरू नये म्हणून आई ते पांघरुणात पोटाशी घेऊन झोपायची. आई गेल्यावर डेला तसंच करायची. घराला आग लागली असती तर डेलानं आधी मडकं उचललं असतं, मग नवऱ्याला हाक मारली असती. ते नेलं म्हणजे परत न येण्यासाठीच गेली. सख्ख्या बहिणीला एक शब्द न सांगता.

"माझ्यापुरती ती मेली," आर्डिस भर दुकानात म्हणाली. डेलाची बाजू घेणाऱ्या दोघी-तिघींना तिनं दारातून हाकललं. हिवाळाभर वेंडलला कॅरिबू हरणाचं सूप आणि ताजा पाव घातला, त्याचे मोजे शिवले, त्याचं रडं ऐकलं. आणि यंदा मागची होडी घ्यायला गावातलं कुणी तयार होईना, तेव्हा पदर खोचल्यासारखी उभी राहून म्हणाली, "मी घेते. आमच्या घराण्यात सगळ्याच काही पळपुट्या नाहीत."

कुणी तयार का होईना, हे तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२

टलूक गरजत असते. हाक मारून उपयोग नाही. म्हणून या नदीवर हातांची भाषा आहे आणि ती पाहुण्यांनासुद्धा पहिल्याच सकाळी शिकवतात. तळहात टाळूवर ठेवून दोनदा थापटायचं, म्हणजे, ठीक आहेस ना? समोरच्यानं तसंच करायचं, म्हणजे, ठीक आहे. वल्हं उभं धरलं तर मदत हवी. आणि उत्तर मिळाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. उत्तर मिळालं की मोकळं. दारू पिऊन तर्र झालेला माणूससुद्धा हे मोडत नाही.

पहिल्या मुक्कामाला आर्डिसनं होडी बांधली, चूल मांडली, आधण ठेवलं. कॉफीच्या वासाला पाहुणे गोळा झाले. ओहायोचा एक दातांचा डॉक्टर आणि त्याची हसरी बायको, आणि मिसेस प्रुइट म्हणून एक म्हातारी, जिच्या गळ्यात दुर्बीण होती आणि तोंडात सतत कुठल्या तरी पक्ष्याचं नाव. वेंडल तेवढा आला नाही. तो पाण्याच्या कडेला पाठमोरा उभा होता. नदी वरून जिथं वळून येते तिकडं बघत.

त्यानं हात डोक्यावर नेला. दोनदा थापटलं.

त्या वळणावर काही नव्हतं. राखाडी पाणी, गोटे, झुडपं. शेवटची होडी आर्डिसची, आणि ती इथं बांधलेली.

मग वेंडलचे खांदे खाली आले. ओझं उतरवल्यावर येतात तसे. आणि तो कॉफीला आला.

"कुणाला रे?" आर्डिसनं विचारलं.

"काय?"

"हात केलास तो."

"सवय गं," तो म्हणाला आणि कपात तोंड घातलं.

खरंच, सवय असेल. वर्षानुवर्षं बायको मागून यायची, हात आपोआप वर जातो. तिला त्याची कीवच आली. बहिणीला मनातल्या मनात एक शिवी हासडून तिनं त्याच्या कपात आणखी साखर घातली.

पण मग ती बघायला लागली. दुसऱ्या मुक्कामाला तेच. तिसऱ्याला तेच. पाण्यावरसुद्धा तो मान वळवायचा तेव्हा त्याची नजर आर्डिसवर ठरायची नाही, तिच्या डोक्यावरून मागं जायची. तिनं केलेल्या खुणेकडं त्याचं लक्षच नसायचं. एकदा ती चिडून तशीच बसून राहिली, हात वर केलाच नाही. तरी त्याचे खांदे खाली आले. तरी तो समाधानानं पुढं वळला.

आर्डिसनं मागं बघितलं. मोकळी नदी.

त्या दुपारी तिनं आवाज ऐकला. वल्ह्याच्या कड्यांची करकर. तिच्या कड्यांना तिनं स्वतः चरबी लावली होती, त्या गप्प होत्या. तिनं वल्ही थांबवली. करकर आणखी एकदा झाली, संपूर्ण एक ओढ, आणि मग थांबली. जशी मागच्याला थोड्या उशिरानं जाणीव झाली की पुढची थांबलीय.

शेजारी खडकाचा कडा होता. कड्यावरून आवाज परत येतो, हे पोरासोरांना ठाऊक असतं. आर्डिसनं मनाला तसं बजावलं आणि जोरात वल्ही मारायला लागली. कडा संपला. सपाट माळ आला. करकर येतच होती.

३

एक दिवस नदीला सुट्टी देऊन वेंडलनं सगळ्यांना डोंगरधारेवर नेलं. आर्डिसलाही. तळावर एकटीनं मागं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण तसं ती मेली तरी म्हणाली नसती. "गुडघे मोकळे होतील," एवढंच म्हणाली.

वर वारा एवढा होता की डाससुद्धा नव्हते. खाली नदीच्या वेण्या पसरलेल्या, दोन होड्या बोटाएवढ्या, तंबू शर्टाच्या गुंड्यांएवढे. वेंडल चीज कापत होता. मिसेस प्रुइट दुर्बीण लावून बसली होती.

"अगं आर्डिस," म्हातारी म्हणाली, "तुमच्यातली ती दुसरी डोंगर चढत नाही वाटतं?"

"दुसरी कोण?"

"ती बघ की, तंबूपाशी. केस ओले आहेत तिचे. सर्दी होईल अशानं."

दातांचा डॉक्टर हसला. "मिसेस प्रुइट, काल तुम्ही वाहत आलेल्या ओंडक्याला गरुड म्हणालात."

"गरुडच होता तो. उडाला नाही, एवढंच. आणि तुम्ही सकाळी स्वतःच्या बायकोच्या टोपीला अस्वल म्हणालात, ते विसरू नका." म्हातारीनं दुर्बीण हलवली नाही. "हे बघा, हात केला तिनं. डोक्यावर. हाच ना तो तुमचा नियम? आणि आता यानंही केला."

आर्डिसनं मान वळवली. वेंडलच्या हातातलं चीज गवतात पडलं होतं. तो उभा होता, कड्याच्या टोकाशी, सगळ्यांकडं पाठ करून. तळहात टाळूवर. एकदा. दोनदा.

आर्डिसनं म्हातारीच्या गळ्यातून दुर्बीण जवळजवळ ओरबाडली. पट्टा मानेला काचला तशी म्हातारी ओरडली. दुर्बिणीत तंबू आले. होड्या आल्या. माणूस कुणी नव्हतं. चुलीजवळच्या चपट्या दगडावर मात्र काहीतरी पांढरं होतं, जे ती निघताना तिथं नव्हतं.

उतरताना ती सगळ्यांच्या पुढं होती. वेंडलनं दोनदा हाक मारली, "अस्वलाचा मुलूख आहे, बाई, एकटी पुढं जाऊ नकोस!" तिनं ऐकलं नाही.

दगडावर आईचं मडकं होतं.

उन्हाला ठेवलेलं, ऊब लागावी म्हणून. वर फडकं बांधलेलं, आणि गाठ आई मारायची तशी, एका ओढीत सुटणारी. फडकं ओलं होतं. आतलं पीठ वर आलं होतं, बुडबुडे फुटत होते, आणि तो वास आला, आंबूस, दुधासारखा, चाळीस वर्षांपूर्वीच्या सकाळचा. आर्डिस गोट्यांत बसली.

वेंडलच्या तंबूचं दार उघडं होतं. त्याच्या कपड्यांची पिशवी उपसलेली होती. पांघरूण बाहेर ओढलेलं, आणि तंबूपासून दगडापर्यंत गोटे ओले झाले होते. एक सोडून एक, पाऊल पडावं तितक्या अंतरावर.

बाकीचे आले. वेंडलनं मडकं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर येतं, ते होतं.

"अरे वा," दातांच्या डॉक्टरची बायको म्हणाली, "उद्या पॅनकेक का?"

"हो," आर्डिस म्हणाली. "उद्या पॅनकेक."

४

तिनं केले. सकाळी तवा तापवला, आईच्या विरजणाचे पॅनकेक घातले, पाहुण्यांना पोटभर वाढले. त्यांना कपडे भरायला पाठवलं. मग एक ताट वेंडलच्या मांडीवर आदळलं.

"खा."

तो खाईना.

"तू म्हणालास तिनं नेलं."

"म्हणालो असेन."

"असेन नाही. म्हणालास. माझ्या टेबलाशी बसून, माझं सूप ओरपत म्हणालास. वर्षभर हे कुठं होतं?"

"माझ्याकडं." त्याचा आवाज इतका बारीक होता की तव्याच्या चरचरीत बुडाला. "त्या दिवशी ते माझ्या होडीत राहिलं होतं. पीठ घालत होतो. पांघरुणात घेऊन झोपायचो. मेलं असतं गं थंडीत."

"त्याची काळजी होती तुला. वा!"

वेंडल नदीकडं बघत राहिला.

"ती जाणारच होती, आर्डिस. त्या सकाळी तोंडावर सांगितलं तिनं. गावात पोचलो की मी तुझ्याकडं राहणार नाही, आर्डिसकडं जाते, म्हणाली. मग मी खोटं काय बोललो? ती मला सोडून जाणारच होती."

आर्डिसच्या हातातलं उलथणं थांबलं. माझ्याकडं. माझ्याकडं येणार होती.

"आणि तो माणूस? डोंगर चढणारा?"

त्यानं ताट मांडीवरून खाली ठेवलं.

"नव्हताच?"

"लोकांना पटायला कुणीतरी लागतं."

"काय झालं ते सांग. नाहीतर हा तवा बघितलास?"

"बर्फाच्या गल्लीपाशी," तो म्हणाला. "मी पाहुण्यांना घेऊन खाली उतरलो. रीतीप्रमाणं गल्लीच्या खालच्या तोंडाशी परत आलो. तिला हात केला. आणि निघालो. तिची होडी पुन्हा दिसलीच नाही."

"तिनं उत्तर दिलं?"

"मी रागात होतो."

"तिनं उत्तर दिलं का, विचारते मी. बघितलंस तू?"

वेंडलनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "बघितलं असतं," तो म्हणाला, "तर थांबावं लागलं असतं."

इतकं साधं. दूध नासलं म्हणावं इतकं साधं. या माणसाला हिवाळाभर जेवू घातलं तिनं. या माणसाचे मोजे शिवले तिनं. याच्यासाठी बहिणीला जिवंतपणी गाडलं, असं ती समजत होती. आणि बहीण तेव्हा जिवंतही नव्हती.

"आता बघतो," वेंडल घाईघाईनं म्हणाला. "आता दर वळणाला बघतो. एकदासुद्धा चुकवत नाही. चुकवलं तर ती..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

५

हिवाळाभर नदीवर थरांवर थर गोठतात आणि उन्हाळ्यातही तो बर्फ जात नाही. पाणी त्याच्यामधून वाट कापतं. दोन्ही बाजूंना घराएवढ्या निळ्या भिंती, मध्ये एक होडी मावेल एवढी सरळ धार, आणि कुठं कुठं ती धार भिंतीच्या पोटाखालीच शिरते. त्याला बर्फाची गल्ली म्हणतात. एका वेळी एकच होडी आत घालायची. पुढचा खाली पोचतो, पाहुण्यांना वळणापलीकडं सुरक्षित बसवतो, गल्लीच्या खालच्या तोंडाशी चालत येतो, खूण करतो. उत्तर आलं की मागची होडी आत.

वरच्या तोंडाशी दोन्ही होड्या थांबल्या. आतून गार वारा येत होता, तळघराचं झाकण उघडल्यासारखा.

"आज पुढं मी," आर्डिस म्हणाली. "पाहुण्यांना मी नेते. तू सामानाची होडी घेऊन मागून ये."

वेंडल पांढरा पडला. "मी मागं नाही बसणार."

"का?"

"मागं नको, आर्डिस. पाहिजे ते कर, गावात सांग, पोलिसांत दे. मागं नको. मागं बसलं की ती..."

"ती काय? ती तर खिंडीतून पळून गेलीय ना?" आर्डिस मोठ्यानं बोलली, पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सांगू का यांना, कुठं पळून गेली ते?"

"काही भांडण आहे का?" मिसेस प्रुइटनं विचारलं.

"घरगुती आहे," आर्डिस म्हणाली. "मेहुण्याला थंडी वाजतेय."

दातांचा डॉक्टर हसला. वेंडल एकेक पाऊल टाकत मागच्या होडीत चढला. माणूस स्वतःच्या तिरडीवर चढावा तसा.

आर्डिसनं मडकं पांघरुणात गुंडाळून मांडीत घेतलं आणि पुढची होडी आत घातली. भिंतींमधून पाणी ठिबकत होतं. आत कुठंतरी बर्फ कुरकुरत होता, झोपेत दात खाल्ल्यासारखा. मिसेस प्रुइटच्या तोंडातसुद्धा कुठल्या पक्ष्याचं नाव नव्हतं. मग प्रकाश आला, गोटे आले. तिनं सगळ्यांना वळणापलीकडं उतरवलं, थर्मासातलं गरम चॉकलेट हातात दिलं, खांद्यावर दोराची पिशवी टाकली आणि एकटी गल्लीच्या तोंडाशी चालत आली. वेंडलही तेव्हा असाच एकटा आला असणार. याच दगडांवरून.

गल्ली सरळ होती. टोकाला वेंडल होडीत उभा दिसत होता, अंगठ्याएवढा.

आर्डिसनं डोक्यावर हात थापटला. त्यानंही थापटला, घाईनं. त्यानं होडी लोटली. आणि होडी वळली तेव्हा आर्डिसला दिसलं की ती नुसत्या सामानाच्या मानानं मागून फार खाली बसलीय. डब्यांच्या ढिगामागं काहीतरी होतं. गुडघे जवळ घेऊन बसलेलं. केस खाली पाण्यापर्यंत लोंबणारे.

वेंडल समोर बघून वल्ही मारत होता. एकदाही मागं बघत नव्हता.

मग आवाज झाला. भिंतीचा एक तुकडा सुटला, गल्लीभर पांढरी वाफ उठली आणि लाट तिच्या पायांपर्यंत आली. वाफ बसली तेव्हा होडी नव्हती. ती भिंतीच्या पोटाखाली गेली आणि बाहेर आलीच नाही. वेंडल होता. बर्फाच्या एका अरुंद काठावर, छातीपर्यंत भिजलेला, एका हातात वल्हं. त्यानं ते वर केलं. उभं. सरळ उभं.

आर्डिसच्या खांद्याला दोर होता. बर्फावरून चालत गेलं तर दोर पोचला असता. तिला ते कळत होतं. नंतर कधीही तिनं स्वतःला असं सांगितलं नाही की कळत नव्हतं.

वल्हं थरथरत होतं. त्याच्या मागच्या निळ्या सावलीत आणखी काहीतरी उभं राहत होतं, हळूहळू, पाणी गाळत.

गेल्या उन्हाळ्यात वेंडल पाठ फिरवून गेला होता. आर्डिसनं पाठ फिरवली नाही. तिनं डोळे भरून बघितलं. मग हात टाळूवर ठेवला, दोनदा थापटलं, आणि तेव्हाच वळली.

"आला का तो?" मिसेस प्रुइटनं विचारलं.

"ठीक आहे तो. मागून येतोय."

"थांबायचं नाही त्याच्यासाठी?"

"उत्तर मिळालं की निघायचं," आर्डिस म्हणाली. "हाच नियम आहे."

६

गोटाळ धावपट्टी तिथून फार लांब नव्हती. ऊन स्वच्छ होतं. विमान आधीच येऊन थांबलं होतं आणि टकर नावाचा त्याचा वैमानिक पंखाखाली सावलीत बसून सार्डिन खात होता.

"वेंडल कुठंय?"

वाटभर तिनं उत्तर तयार केलं होतं, पण तोंडातून वेगळंच आलं. "डेलाकडं."

टकरच्या हातातून डबा पडता पडता राहिला. "डेला? ती भवानी परत आली? अगं, मग समेट झाला म्हण की! आणि तू इतकी तोंड पाडून का? गावभर बहिणीला शिव्या देत फिरलीस, आता लाज वाटतेय होय?" तो मनापासून हसला. "येऊ दे दोघांना. दुसऱ्या खेपेला नेतो. सामान चढव."

आर्डिसनं मडकं विमानात ठेवलं. मनातल्या मनात ती डेलाशी बोलत होती. झालं गं. फेडलं. माझ्याकडं यायला निघाली होतीस ना, ये आता. नाहीतर जा, सुखानं जा. कुणीतरी तुझ्यासाठी बघितलं शेवटी. एवढंच हवं होतं ना तुला? म्हणूनच मागं येत होतीस ना माझ्या?

"येतायत की," मिसेस प्रुइट म्हणाली.

म्हातारी पाण्याच्या काठाशी उभी होती, दुर्बीण डोळ्यांना लावून, नदीच्या वरच्या वळणाकडं तोंड करून.

"दोघं आहेत. ती बाई आणि वेंडल. अगदी चिकटून. काय गोड दिसतायत! एवढं भांडण झालं म्हणता आणि बघा." ती जरा थांबली. "भिजलेत मात्र फार."

आर्डिसला दुर्बिणीची गरज नव्हती. वळणावर राखाडी पाण्यात होडी होती. प्रवाह खाली ओढत असताना ती एका जागी उभी होती. दोघं शेजारी शेजारी. डेलाची पाठ ताठ होती, लग्नाच्या दिवशी होती तशी. तिची नजर आर्डिसवर नव्हतीच. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कलतं होतं आणि त्याचा हात तिच्या ओल्या केसांवर.

आर्डिससाठी नव्हतीच आली डेला. नदीभर एकदाही तिच्यासाठी आली नव्हती. तिला तिचा नवरा हवा होता. आर्डिसनं तो स्वतःच्या हातानं नेऊन दिला होता.

मग दोघांनी हात उचलले. दोन्ही हात दोन डोक्यांवर. एकदा. दोनदा. आणि ते थांबले.

"काहीतरी विचारतायत तुला," मिसेस प्रुइट म्हणाली. "उत्तर दे की, आर्डिस."

तेव्हा तिला कळलं. गोट्यांत उभा राहिलेला वेंडल, डोंगरावर चीज टाकून उठलेला वेंडल, दर वळणाला, दर मुक्कामाला. तो विचारत नव्हता. विचारणारं मागं होतं. तो उत्तर देत होता.

"नाही दिलं तर?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"तर येतील इथंच विचारायला," म्हातारी सहज म्हणाली. "हे बघ, निघालेसुद्धा."

वल्ह्यांची करकर सुरू झाली.

टकरनं इंजिन चालू केलं, तरी ती ऐकू येत होती. विमानाच्या पोटात, पांघरुणाखाली, विरजण फसफसत होतं. गावातल्या तिच्या घराला तीन खिडक्या होत्या आणि तिन्ही याच नदीवर उघडत होत्या.

आर्डिसनं हात डोक्यावर ठेवला. दोनदा थापटलं.

करकर थांबली.

"बघ," मिसेस प्रुइट दुर्बीण खाली घेत म्हणाली, "कशी लगेच शांत झाली दोघं."

आर्डिसचे खांदे खाली आले, ओझं उतरल्यासारखे. अगदी त्याच्यासारखेच. ती विमानात चढली, मडकं मांडीत घेतलं, आणि टकरला म्हणाली, "मला खिडकीपाशी बसव. नदी दिसेल अशी."